घुमी, पुस्तक नऊ, पान एकशे बारा

सोमवार, ३ जून

ही वही बाहेरून पुस्तक आहे. कव्हरवर तीन पोरं, एक कुत्रं, धुकं, कंदील आणि ठळक अक्षरात ‘चौकडी : पुस्तक ६०’. आत सगळं कोरं. छापायच्या आधी जाडी किती होते ते बघायला बाइंडर असं रिकामं पुस्तक बांधतो, त्याला डमी म्हणतात. मावशीने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घे, तुझ्यासारखंच आहे. वरून झकपक, आतून अवाक्षर नाही."

मावशी एका प्रकाशकाकडे प्रूफं तपासते. आजपासून मीही तिथेच. काम असं : चौकडीच्या एकोणसाठ पुस्तकांतलं प्रत्येक नाव, टोपणनाव, घर, कुत्रं-मांजर, सांकेतिक शब्द आणि खुणेची शिट्टी कार्डावर लिहायची. साठावं पुस्तक शेवटचं. त्याच्या मागे ही सगळी यादी छापणार. शिवाय लेखकाला आता मागचं काही आठवत नाही, तेव्हा कार्डं वाचून घेऊनच ते पुढचं लिहिणार.

संपादकबाईंनी मला विचारलं, "काही विचारायचंय?" मी मान हलवली. म्हणजे हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला पण कळलं नाही. मावशीच म्हणाली, "तिचं म्हणणं, इथे बोलावं लागतं का?"

बाई म्हणाल्या, "बोलणारे चार जण आहेत, म्हणून तर कामं होत नाहीत. हिला आत्ताच बसव."

सतरा वर्षांच्या आयुष्यात माझ्या गप्प बसण्याचं कौतुक झालं ते हे पहिलंच. मी इतकी खूश झाले की थँक्यू म्हणायचं राहून गेलं.

गुरुवार, ६ जून

बुटांची रिकामी खोकी, एकेका अक्षराला एक. सध्या सात. कार्डावर चार रकाने : नाव, पहिलं दर्शन, खुणा, शेवटचं दर्शन. शेवटचं दर्शन म्हटलं की सगळे वारल्यासारखे वाटतात. पण बाईंनी ठरवलंय, आणि बाईंशी वाद घालायला तोंड लागतं.

आतापर्यंतचे शोध :

चौकडी म्हणजे टाचणी, भोपळा, दुर्बीण आणि शिट्टी नावाचं कुत्रं. टाचणी चाळीस वर्षं बारा वर्षांची आहे. तिला एकूण अकरा मामा, प्रत्येक मामाला एक बंगला, प्रत्येक बंगल्याखाली एक भुयार. आम्हाला मामा एक, आणि त्याने बाल्कनीसुद्धा खिडक्या लावून बंद करून टाकली.

‘छत्री उघड’ याचा अर्थ पुस्तक ४ मध्ये ‘पळा’, पुस्तक ३३ मध्ये ‘हलू नका’. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे धोका, पण सत्तावीसपासून पुढे सगळं ठीक. मधल्या काळात कुणी दोन शिट्ट्या ऐकून निवांत बसला असेल तर त्याचं काय झालं, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

हे मी बाईंना चिठ्ठीवर लिहून दिलं. त्या मोठ्याने हसल्या आणि चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली. मी स्टोअररूममध्ये जाऊन उगाच सुतळी शोधत बसले.

मंगळवार, ११ जून

आज एक माणूस हरवलेला सापडला. म्हणजे सापडला नाही, हरवलाय हे सापडलं.

पुस्तक ९. बंद गिरणीच्या मागे कोरडी विहीर, दुर्बीण आत पडतो. टाचणी रडते, भोपळा खायचा थांबतो (एकूण सहा वेळा थांबतो, कार्ड वेगळं केलंय). तिथे शेजारच्या घरातली एक मुलगी असते. कधी कुणाशी बोलत नाही म्हणून सगळे तिला घुमी म्हणतात. पान ११२ वर ती म्हणते, "मी दोर आणते," आणि पळत जाते.

पान ११४ वर इन्स्पेक्टर शिडी घेऊन येतात. दुर्बीण वर येतो. सगळे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

आणि घुमी?

दहा बघितलं, अकरा बघितलं, संध्याकाळपर्यंत पार एकोणसाठपर्यंत चाळलं. कुठेच नाही. पोरगी दोर आणायला गेली ती गेलीच. तिला कुणी सांगितलंसुद्धा नाही की बाई गं, राहू दे, काम झालं.

मावशीला दाखवलं. ती म्हणाली, "मग? लिही ना, शेवटचं दर्शन, नऊ, एकशे बारा. पुढचं कार्ड घे."

लिहिलं. पुढचं कार्ड ‘घुबड (पेंढा भरलेलं)’ होतं. ते नऊ पुस्तकांत येतं. घुबड.

बुधवार, १२ जून

चहाच्या वेळी टायपिंग करणाऱ्याने विचारलं, "काय गं, शाळा का सोडलीस? मारकुट्या होत्या का बाई?" मी चहात बघत राहिले. तो म्हणाला, "बरं बरं, चहाला विचारतो."

इथे लिहायला हरकत नाही, डमी कोण उघडतंय.

मारकुट्या नव्हत्या. नववीत होते. तोंडी परीक्षा चालली होती, माझा नंबर पुढचा, आणि बाईंच्या हातातला खडू संपला. "ऑफिसातून खडू कोण आणतंय?" जन्मात पहिल्यांदा मी हात वर केला. गेले, खोकं घेतलं, वर्गाच्या दारापर्यंत परत आले. आत सगळे कशाला तरी हसत होते. मला हसत नव्हते हे मला माहीत होतं, मी तर तिथे नव्हतेच. पण पाय आत पडेना. म्हटलं, हसणं थांबलं की जाऊ. थांबलं. मग म्हटलं, आता एवढ्या शांततेत कसं जायचं? मग घरी आले.

दुसऱ्या दिवशी खडू कुठे आहेत म्हणून विचारतील, म्हणून गेले नाही. तिसऱ्या दिवशी ‘काल का नाही आलीस’ याची भर पडली. आईला पोट दुखतं सांगितलं. मग डोकं, मग पाय, शेवटी दुखवायला अवयव उरले नाहीत. वर्गबाई दोनदा घरी आल्या, दोन्ही वेळा मी बाथरूममध्ये. तीन वर्षं झाली. लोक म्हणतात हिने शाळा सोडली. मी कधी सोडायचं ठरवलंच नाही. मी फक्त खडू आणायला गेले होते.

खोकं अजून माझ्या कपाटात आहे, स्वेटरांच्या मागे. कुणाला माहीत नाही. लोक बँका लुटतात, मी खडू.

असो. घुमीचं कार्ड आज परत काढून बघितलं. उगाच.

गुरुवार, २० जून

पुस्तक ३१ ची ऑफिसात एकच प्रत, तिची पानं ८१ ते ९६ वाळवीने खाल्ली आहेत (त्या दिवशी घाईत चाळताना लक्षात आलं नव्हतं). बाहेर कुठे मिळत नाही, बाईंनी दोन लायब्ऱ्या पालथ्या घातल्या.

आता जे केलं ते लिहिते. घुमीच्या कार्डावर शेवटच्या रकान्यात बारीक पेन्सिलीने लिहिलं : ‘परत आली. पुस्तक ३१, पान ८८.’

फक्त कसं दिसतं ते बघायला. छान दिसलं. जेवण झाल्यावर खोडू म्हटलं. मग बाईंनी ‘क’चं खोकं मागितलं, मग दिवे गेले, मग घरी.

सोमवार, २४ जून

शुक्रवारी खोडू खोडू म्हणत राहूनच गेलं, आणि आज ‘घ’चं खोकं जागेवर नाही! मावशीने शनिवारी पेन्सिलीच्या सगळ्या नोंदी शाईने पक्क्या केल्या ("तुझी पेन्सिल म्हणजे मुंगीचा पाय") आणि खोकं खुद्दांकडे पाठवलं.

खुद्द म्हणजे लेखक. ऑफिसात त्यांना नावाने कुणी बोलावत नाही. खुद्दांचा फोन आला, खुद्द रागावले, असं चालतं. त्यांची नजर गेल्यात जमा आहे, सून कार्डं वाचून दाखवते.

खोकं परत आलं की ब्लेडने खरवडून टाकीन. कुणाला कळतंय. चार हजार कार्डांत एक घुमी.

गुरुवार, २७ जून

कळलं. खुद्दांना कळलं, आणि खुद्द हरखून गेले!

बाई सांगत आल्या, "अगं, तुझ्या त्या घुमीने कमाल केली. एक वर्ष अडले होते ते. आता म्हणतात, शेवटचं पुस्तक तिच्यावरच. एकतिसात ती परत येते त्या प्रसंगावर तीन प्रकरणं लिहून झाली. थांब, फोनवर आहेत, तुझ्याशीच बोलायचंय."

फोन माझ्या कानाला लावला गेला. आतून म्हातारा आवाज : "पोरी, मला तर काडीचं आठवत नाही बघ. ती खरंच येते ना परत?"

सत्य बोलायला तीन शब्द लागत होते. मी म्हटलं, "हूं."

एवढं छोटं खोटं जगात कुणी बोललं नसेल.

सोमवार, १ जुलै

यादी छापखान्यात जायला दोन महिने. पुस्तक बाजारात गेलं की वाचणारी पोरं एकतीस उघडणार. ही पोरं भयंकर आहेत. इन्स्पेक्टरची मिशी डावीकडे वळली होती की उजवीकडे, यावर सतरा पत्रं आलेली मी स्वतः फाइल केलीत. कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर अख्खं एकतीस असणारच. मग चाळीस वर्षांचं नाव म्हाताऱ्याचं जाणार, माझं नाही. माझं कुठे छापलंय.

मावशीला सांगायचं ठरवलं. बसस्टॉपपर्यंत तिच्या मागे मागे गेले.

"काय गं, पिशवी धरू का तुझी?"

मी पिशवी दिली. ती बसमध्ये चढली. पिशवी पण गेली, डबा पण.

बुधवार, ३ जुलै

खुद्दांकडे पुढचं खोकं मीच घेऊन गेले. बोलता येत नाही म्हणून सगळं चिठ्ठीवर लिहून नेलं. चिठ्ठी द्यायची, सून ती वाचून दाखवेपर्यंत चपला घालायच्या आणि पळायचं. योजना टाचणीला शोभेल अशी होती.

सुनेने दार उघडलं. "आली तुमची कार्डवाली," असं आत ओरडून ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. खुद्द खिडकीपाशी खुर्चीत. इतका छोटा माणूस! अकरा मामा आणि अकरा भुयारं याच्यातून निघाली यावर विश्वास बसेना.

मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, डोळ्यांशी नेली, लांब धरली.

"मुंगीला लिहिलंयस का? मला दिसत नाही बाळा. तूच वाच."

म्हणजे बघा. तोंडी परीक्षा चुकवायला मी शाळा सोडून तीन वर्षं घरी बसले, आणि ती इथे खुर्ची टाकून माझी वाट बघत होती.

वाचलं. "एकतीस, पान अठ्ठ्याऐंशीची नोंद खोटी आहे. ती मी केली. ते पान आपल्याकडे नाहीच. फोनवर पण मी खोटं बोलले. घुमी परत आलेली नाही." एवढ्यात दोनदा श्वास घेतला, एकदा घ्यायचा विसरले.

खुद्दांनी चिठ्ठी माझ्या हातून घेऊन तिची घडी घातली. मग म्हणाले, "तीन प्रकरणं त्या पानावर उभी केली मी." आवाजात राग होता, आणि तो बरोबर होता.

मग म्हणाले, "म्हणजे ती विहिरीपाशी आलीच नाही? एक्कावन्न पुस्तकं?"

"पन्नास," मी म्हटलं. "साठावं अजून तुम्ही लिहिलं नाहीये."

हे मी मोठ्याने बोलले. ठरवून नाही, चूक कानाला खटकली म्हणून.

ते एकदम हसले. "अरे देवा. पोरगी दोर घेऊन उभी असेल कुठेतरी. आणि मी पुढे कुत्र्याला सर्कशीत नेलं." (पुस्तक १०.) "तू का आणलंस तिला परत?"

"दोर तिच्याकडेच राहिला ना."

"मग?"

"असं दुसऱ्याचं सामान घरात राहिलं की कपाट उघडताना नजर चुकवावी लागते. आणि जितके दिवस जातात तितकं न्यायला अवघड होतं. आधी नुसता दोर न्यायचा असतो, मग उशीर पण न्यावा लागतो."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. दिसत नाही म्हणतात, पण बघत होते.

"घुमीच्या घरी काय झालं ते तुला बरंच माहितीय," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही, पुस्तकात तेवढंच आहे. कार्ड दाखवू का विचारलं.

"कार्ड राहू दे. ती तीन प्रकरणं फाडतो. तिला साठाव्यात खरंच आणू. पण माझी अडचण ऐक. इतक्या वर्षांनी माणूस दारात येतो तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतो? मी म्हातारा, मी भाषण लिहून बसेन. तू माहिती काढ."

"कुठून?"

"ते मला काय माहीत. तपासनीस तू आहेस. आणि बाईंना हे सगळं सांग."

"लिहून सांगितलं तर चालेल?"

"त्यांचे डोळे चांगले आहेत," खुद्द म्हणाले. "चालेल."

गुरुवार, ४ जुलै

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चार हजार एकशे बारा कार्डं," त्या म्हणाल्या. "आता मी यातल्या कुठल्या कार्डावर विश्वास ठेवायचा?"

"कुठल्याच नको," मी म्हटलं. "सगळी परत तपासते. पुस्तकं समोर ठेवून. मग काढा मला."

बाई मावशीकडे बघायला लागल्या. मावशी म्हणाली, "माझ्या बहिणीची पोरगी एकदाची बोलली, आणि बोलली काय, तर हे."

बाई म्हणाल्या, "तपास. काढायचं की नाही ते मग बघू. आणि प्रत्येक कार्डावर मावशीची पण सही." म्हणजे शिक्षा दोघींना. मावशी घरी जाताना माझ्याशी बोलली नाही. ती अशी गप्प बसली की कसं वाटतं ते आज कळलं. वाईट वाटतं. आमच्या घरच्यांनी सोळा-सतरा वर्षं कशी काढली असतील.

सोमवार, २२ जुलै

अडीच आठवडे. नवीन चुका एकोणीस सापडल्या, पण त्या चुका होत्या, खोट्या नोंदी नव्हत्या. बाईंना फरक पटला असावा, कारण आज त्यांनी न विचारता, मला लागतो तसा, साखर कमी टाकून चहा दिला. मावशी पण आजपासून परत टोमणे मारायला लागली. बरं वाटलं.

खुद्दांचा फोन. आता मीच घेते. "वाक्य मिळालं का?"

"अजून नाही."

"पुस्तक अडलंय हो."

विचार केला, माहिती काढायची तर प्रत्यक्ष जागेवरच काढावी लागेल. पानन् पान तपासून बघितलं, दुसरा उपाय नाही. निव्वळ कामासाठी.

बुधवार, २४ जुलै

कामासाठी शाळेत गेले. खडूंचं खोकं बरोबर घेतलं, कारण रिकाम्या हाताने गेलं तर प्रयोग बरोबर झाला नसता.

रस्त्यात चार मुद्द्यांचं भाषण पाठ केलं. एक, माफी. दोन, पोट. तीन, खडूंचा हिशेब (एकही वापरला नाही). चार, पुन्हा माफी.

फाटकावर शिपाईकाका. "काय काम?"

खोकं दाखवलं. ते म्हणाले, "स्टेशनरी का? वर, डावीकडे." काही आठवत नसल्यासारखं दाखवून मी डावीकडे वळले. पायांना सगळं आठवत होतं.

तोच वर्ग, त्याच बाई, केस थोडे पांढरे. आत नववीची नवी पोरं. आणि सगळे हसत होते! या वर्गात दुसरं काही चालतच नाही का? हसणं थांबायची वाट बघणार होते, पण मला माहीत होतं पुढे काय होतं. म्हणून हसण्यातच दारात उभी राहिले.

बाईंनी बघितलं. पोरांनी बघितलं. चारही मुद्दे जिन्यातच राहिले होते. मी खोकं पुढे केलं आणि म्हटलं,

"मिळाले."

एवढंच. तीन वर्षांनी, एवढंच!

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. आण इकडे." आवाज असा, जशी मी पाच मिनिटांपूर्वी गेले होते. खोकं घेतलं, झाकण उघडून बघितलं, टेबलावर मधोमध ठेवलं. "याच्यावाचून अडलंच होतं," त्या पोरांना म्हणाल्या. मग मला हळूच, "शनिवारी शाळा सुटल्यावर भेटशील? बाहेरून दहावीला बसायचे फॉर्म भरायचे दिवस आहेत."

मी म्हटलं, शनिवारी मला ‘य’चं खोकं आहे. म्हणाल्या, "मग रविवारी घरी ये. बाथरूम माझ्याकडे पण आहे."

बाहेर आल्यावर लक्षात आलं. वर्गातला फळा आता पांढरा आहे, चकचकीत. बाईंच्या हातात निळं मार्कर होतं. सगळ्या वर्गांत डोकावले, सगळीकडे तसेच. मग बाईंचं खडूंवाचून काय अडलं होतं कुणास ठाऊक. वय झालं की विसरायला होत असेल, खुद्दांसारखं.

ऑफिसात येऊन फोन केला. "वाक्य मिळालं. एकच शब्द आहे."

सांगितला. मग खुद्द म्हणाले, "आणि समोरचा काय म्हणाला?"

शुक्रवार, ९ ऑगस्ट

शेवटच्या प्रकरणाचं प्रूफ मावशीने आधी मला वाचायला दिलं. पुन्हा तीच कोरडी विहीर. या वेळी आत भोपळा (अर्थातच). इन्स्पेक्टरची शिडी अपुरी पडते. सगळे हात टेकतात. आणि गिरणीच्या मागून एक मुलगी पळत येते, धापा टाकत, हातात दोर.

"मिळाला," घुमी म्हणते.

"बरं झालं," टाचणी म्हणते. "आण इकडे."

कुणी विचारत नाही कुठे होतीस म्हणून. दोर घेतात आणि कामाला लागतात.

मावशी म्हणाली, "रडतेस काय, प्रूफ ओलं होतंय." मी म्हटलं, रडत नाही, पान १४१ वर एक अनुस्वार नाहीये. तो खरंच नव्हता.

कार्ड नवीन केलं. बाईंनी स्वतः सही केली. खाली माझी पण करायला लावली.

घुमी. पहिलं दर्शन : पुस्तक ९, पान ११०. खुणा : बोलत नाही. (खोडलं.) कमी बोलते. पुस्तक १० ते ५९ : नाही (३१ ची पानं ८१ ते ९६ मिळाली नाहीत). पुस्तक ६०, पान १४३ : परत आली. नोंद खरी, पान समोर ठेवून तपासली.

‘शेवटचं दर्शन’ हा रकाना मी रिकामा सोडलाय. बाई म्हणाल्या, "हे कोण भरणार?" मी म्हटलं, "राहू दे."

उद्या शनिवार, ‘ज्ञ’चं खोकं. दुपारी लवकर निघायचंय. फॉर्मवर फोटो लागतो म्हणे.